कॅरॅव्हॅनचा डॅशबोर्ड उतरवून मागे उष्णतारोधक लावायचंय. कोणी केलंय का?

भटका_ठाणेकर | १३ एप्रिल, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आता पोटरी भाजली म्हणून लिहितोय.

मागच्या दिवाळीत आम्ही २०१४ची एक १७ सीटर डिझेल गाडी घेतली. आधीचा मालक तिच्यावर मनाली-स्पितीच्या सहली काढायचा. मागच्या सीटा काढून दोन बर्थ, छोटासा ओटा, ४० लिटरची टाकी आणि टपावर सोलर असं सगळं वागळे इस्टेटमध्ये करून घेतलं. (आरटीओचे सोपस्कार चालू आहेत. त्यावर वेगळा धागा काढीन, रडायला.) गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा आहे असं मला वाटत नाही.

तर दुखणं असं आहे. इंजिन अर्धं बॉनेटखाली आणि अर्धं दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली. गेल्या रविवारी कोलशेतहून निघून मुरबाडमार्गे माळशेजला गेलो. टोकावडं सुटलं, चढ लागला आणि डॅशच्या खालून जी वाफ सुरू झाली! इडलीपात्राचं झाकण काढल्यावर तोंडावर येते ना, तशी, फक्त वास डिझेलचा. सौ. शेवटचे वीस किलोमीटर सीटवर मांडी घालून बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी मी बर्थवर झोपून येणार, तू आणि तुझी गाडी बघून घ्या."

विचार असा आहे की डॅश पूर्ण उतरवायचा, मागच्या फायरवॉलला (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) काहीतरी उष्णतारोधक चिकटवायचं आणि परत बसवायचं. ग्लासवूल, फोम, चांदीसारखा चकाकणारा कागद, यातलं नेमकं काय लावू? डॅश घरी उतरवता येतो का? बाहेर एकाने फक्त उतरवून चढवायचे साडेसहा हजार सांगितले आणि वर "वायरिंगची गॅरंटी नाय" हेही सांगितलं.

---

अगोचर | १४ एप्रिल, सकाळी ७:१०

वाचनखूण साठवली. उतरवल्याचे फोटो सगळेच टाकतात. परत बसवल्याचेही टाका.

---

सीवूड्सची_शेगडी | १४ एप्रिल, सकाळी ९:३४

ग्लासवूल अजिबात नको. माझा फूड ट्रक आहे, त्याच्या भिंतीत आधीच्या माणसाने ग्लासवूल भरलं होतं. पहिला पाऊस बरा गेला. दुसऱ्या पावसात ट्रकमध्ये ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. मला वाटलं कांद्याचं पोतं सडलं. तीन पोती बदलली! शेवटी एक पत्रा खोलला, तर आतलं ग्लासवूल पाणी पिऊन खाली बसलेलं, वरचा अर्धा भाग रिकामा आणि पत्रा आतून गंजून पोपडे सुटलेले. हाताने उचललं तर पिळता येत होतं.

आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गाडीत कुठून ना कुठून पाणी जातंच. पाणी न पिणारी वस्तू घ्या. आणि काढताना हातभर खाज सुटली होती ते वेगळंच. नारळाचं तेल, बर्फ, काही काही चाललं नाही.

---

तुर्भे_टूलबॉक्स | १४ एप्रिल, दुपारी १:२०

ताईंना +१.

माझा धंदा एसीच्या डक्टचा आहे, दिवसभर हेच चिकटवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. एक असते काळी, जड, चिकट, वरून चांदी असलेली ब्युटाइलची शीट. ती आवाजासाठी. पत्र्याला वजन देते, थरथर मारते. उष्णता अडवणं हे तिचं काम नाही. दुसरी असते हलकी, स्पंजासारखी, बंद छिद्रांची शीट, म्हणजे नायट्राइल रबर किंवा क्रॉसलिंक फोम. एसीच्या तांब्याच्या नळीवर काळं भेंडीसारखं आवरण बघता ना, तेच नायट्राइल. त्यात हवा कोंडलेली असते आणि ती हवाच उष्णता अडवते. आकड्यात सांगायचं तर नायट्राइलची उष्णतावाहकता ०.०३५ ते ०.०४ च्या घरात. भरीव रबराची याच्या चार-पाच पट. लोखंडाची विचारूच नका.

चांदीचा कागद म्हणजे ॲल्युमिनियम फॉइल. ती चालते, पण तिच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. ती किरणांनी येणारी उष्णता परतवते. दोन थरांच्या मध्ये दाबून टाकली तर ती नुसती पातळ धातूची पट्टी, उलट उष्णता पसरवते. म्हणून फॉइलची बाजू इंजिनाकडे आणि मध्ये बोटभर तरी जागा, हा हिशोब.

नायट्राइल साधारण १०५ अंशांपर्यंत टिकतं. फायरवॉलच्या केबिनकडच्या बाजूला ठीक आहे. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ, टर्बोजवळ मुळीच नाही. तिथे ते कोळसा होईल.

डांबराच्या स्वस्त शीट मिळतात, त्या घेऊ नका. मे महिन्यात घळघळ वितळतात आणि गाडीला रस्त्याच्या कामाचा वास येतो.

---

धूमकेतू_४३ | १४ एप्रिल, दुपारी २:०५

टूलबॉक्स, थिअरी छान आहे. पण मी माझ्या गाडीच्या दरवाजांना आणि फ्लोअरला ब्युटाइलचे दोन थर मारले आणि गाडी स्पष्ट थंड झाली. एसी दोनवर चालतो आता, आधी चारवर लागायचा. अनुभवापुढे आकडे कसले?

---

तुर्भे_टूलबॉक्स | १४ एप्रिल, दुपारी २:४०

धूमकेतू, ब्युटाइल मारताना दरवाजाच्या आतली भोकं बुजवलीत ना? गरम हवा आत यायची बंद झाली. गुण त्याचा आहे. त्या भोकांवर घरातली चिकटपट्टी मारली असती तरी निम्मा फरक पडला असता. शिवाय आवाज कमी झाला की माणसाला गार वाटतं, हे माझं वैयक्तिक मत.

---

धूमकेतू_४३ | १४ एप्रिल, दुपारी २:५१

साडेनऊ हजार घालवल्यावर मलाही गार वाटलंच पाहिजे ना. हलके घ्या.

---

गॅरेजकाका | १४ एप्रिल, रात्री ९:१५

भाऊ, सगळे औषध सांगून राहिले, रोग कोणी बघितला नाही.

गाडी मनाली-स्पितीला जायची म्हणतोस. म्हणजे हीटर असणार. कंपनीचा नसेल तर बाहेरून टाकलेला असणार. हीटर म्हणजे काय, तर इंजिनाचं गरम पाणी दोन नळ्यांनी डॅशच्या मागे येतं, तिथे छोटा रेडिएटर असतो, त्यातून फिरून परत जातं. ऐंशी-नव्वद डिग्रीचं पाणी. मध्ये एक कॉक असतो. आपल्याकडे खाली आणल्यावर तो कॉक कोणी बंद केला का? बहुतेक नाही. पंखा बंद असला तरी गाडी पळते तेव्हा समोरची हवा त्या गरम जाळीतून पायावर येते. तू म्हणतोस "वाफ आली". फायरवॉल तापली तर धग लागते, झोत येत नाही. झोत येतो म्हणजे हवा कुठून तरी येते आहे.

डॅश खोलायच्या आधी ह्या तीन जागा बघ. हीटरचा कॉक. बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर, ते फाटलं असेल तर इंजिनाची गरम हवा काचेखालच्या जाळीतून आत ओढली जाते. आणि फायरवॉलमधून वायरी, केबली जातात तिथले ग्रोमेट, म्हणजे भोकातल्या रबरी कड्या. दहा वर्षांत कडक होऊन तुकडे पडतात. रात्री आतून अंधार करून बॉनेटमध्ये टॉर्च लाव. जिथून उजेड दिसेल तिथून धग येते.

मधल्या झाकणाच्या कडेचं रबर पण बघ. झाकण चारी बाजूंनी दाबून बसलं पाहिजे. एक क्लॅम्प ढिला असला तर पोटरी भाजणारच.

---

शुद्धलेखन_हवालदार | १४ एप्रिल, रात्री ९:४०

"कॅरॅव्हॅन" की "कॅराव्हान"? शीर्षकातच खटकतंय.

---

अगोचर | १४ एप्रिल, रात्री ९:४३

माळशेजला पाय भाजताना माणूस जे ओरडेल ते प्रमाण मानावे.

---

ह्यूस्टन_व्हाया_नौपाडा | १५ एप्रिल, पहाटे ५:०२

आमच्याकडे हा आजार राष्ट्रीय पातळीवर आहे. माझ्याकडे २००६चं क्लास सी मोटरहोम आहे, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर मागे घर बांधलेलं. त्यातही इंजिन अर्धं आत असतं आणि वरच्या झाकणाला इथे सगळे डॉगहाउस म्हणतात. टेक्ससच्या जुलैमध्ये त्या झाकणावर ठेवलेलं चॉकलेट फोंड्यू होतं. लोक त्यावर सरळ सामान हलवायची जाड गोधडी टाकतात. दिसायला भिकार, पण चालते.

मी डॅश काढला होता. नवशिक्यासाठी तीनच गोष्टी सांगतो. पहिली, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी केल्याशिवाय हात लावायचा नाही. एअरबॅग असेल तर त्यानंतरही थोडा वेळ थांबायचं आणि पिवळ्या कनेक्टरपासून लांब राहायचं. दुसरी, प्रत्येक कनेक्टर सोडवण्याआधी फोटो आणि त्यावर चिकटपट्टीचा नंबर. तिसरी, स्क्रू एका डब्यात टाकायचे नाहीत. मी पुठ्ठ्यावर डॅशचं चित्र काढलं आणि जिथला स्क्रू तिथे टोचून ठेवला.

प्लास्टिक दहा वर्षं उन्हात तापलेलं असतं, कुकीसारखं तुटतं. सकाळी गार असताना ओढू नका. जरा ऊन लागल्यावर लॉक नरम पडतात.

प्रवासात मी मागचा घराचा एसी जनरेटरवर चालू ठेवतो, तो पुढेही गारवा देतो.

---

धूमकेतू_४३ | १५ एप्रिल, सकाळी ८:३०

जनरेटर चालू ठेवून तीन हात नाक्याला उभे राहा एकदा. मागचा रिक्षावाला खाली उतरून बंद करेल.

---

सीवूड्सची_शेगडी | १५ एप्रिल, सकाळी ८:५५

ह्यूस्टनदादा, नौपाड्यात कुठे? मी गोखले रोडची माहेरवाशीण.

---

ह्यूस्टन_व्हाया_नौपाडा | १५ एप्रिल, सकाळी ९:२०

राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत. आता तिथे टॉवर झालाय. मामलेदार मिसळची तिखट तर्री आठवली तरी इथे डोक्याला घाम फुटतो. तिला मात्र उष्णतारोधक नाही.

(पुढच्या अकरा प्रतिसादांत मिसळ, पाव की ब्रेड आणि तलावपाळीची पाणीपुरी. ते धागाकर्त्याच्या विनंतीवरून वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

---

कलम_बावन्न | १६ एप्रिल, सकाळी ११:१५

कायद्याचं कोणीच बोलत नाही म्हणून.

मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची नोंदणीत लिहिलेली मूळ रचना परवानगीशिवाय बदलता येत नाही. १७ सीटरची कॅरॅव्हॅन करणं हा तसाच बदल आहे. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ असं स्वतंत्र मानक आहे, तुमच्या फॅब्रिकेटरला ते माहीत आहे का ते आधी विचारा. डॅशच्या मागे अस्तर लावण्याने रचना बदलत नाही, पण आतल्या सामानाच्या ज्वलनशीलतेचं आयएस १५०६१ हे मानक आहे. पॅकिंगचा पांढरा थर्माकोल किंवा बाजारातला साधा फोम भरलात आणि उद्या शॉर्टसर्किट झालं, तर विमेवाला पहिला प्रश्न तोच विचारेल.

काचेला फिल्म लावायचा विचार असेल तर नियम १०० वाचा. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्म उतरवायला लावल्या होत्या, ते आठवत असेलच.

---

तुर्भे_टूलबॉक्स | १६ एप्रिल, सकाळी ११:५०

कलमसाहेबांचा मुद्दा रास्त आहे. शीट घेताना "क्लास ओ" किंवा अग्निरोधक लिहिलंय का बघा. आणि घरी एक साधी परीक्षा करा. दोन बोटांएवढा तुकडा कापा, चिमट्यात धरून बाल्कनीत लायटर लावा. लायटर काढल्यावर जो विझतो तो घ्या. जो पेटत राहून टपटप गळतो तो दुकानदाराला सप्रेम परत.

---

मीना_खारघर | १६ एप्रिल, दुपारी ४:१०

उन्हाचं काय? गाडी दिवसभर उघड्यावर उभी असेल तर डॅश वरूनच तापणार ना? त्याच्या खाली काय लावलं त्याने काय होणार?

---

तुर्भे_टूलबॉक्स | १६ एप्रिल, दुपारी ४:३५

मीनाताई, अगदी बरोबर. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण एक हजार वॅटएवढं ऊन पडतं. या गाड्यांची पुढची काच मोठी, म्हणजे इस्त्रीएवढी ताकद डॅशवर सतत चालू. त्यावर उपाय काचेवरच, बाहेरून किंवा आतून चकाकता पडदा. डॅशखालचं अस्तर फक्त इंजिनाच्या उष्णतेसाठी.

---

भटका_ठाणेकर | १९ एप्रिल, रात्री १०:४४

सगळ्यांचे आभार. काकांचं ऐकून आधी मोजलं.

ऑफिसातल्या मित्राची आयआर गन (लांबूनच तापमान मोजायचं यंत्र) आणली. काल दुपारी घोडबंदर रोडने गायमुख घाट, पुढे फाउंटनपर्यंत आणि परत, तासभर. बाहेर ३६. बाजूच्या सीटच्या पायापाशी डॅशची खालची पट्टी ५७. मधलं झाकण ६३. फायरवॉलला जो फॉइलचा जुना तुकडा आहे तो मात्र फक्त ३९! म्हणजे फॉइल भारीच काम करते, हो की नाही?

रात्री टॉर्चचा प्रयोग केला. क्लच केबलच्या बाजूने चवली-पावलीएवढा उजेड. सोसायटीच्या वॉचमनला वाटलं कोणी डिझेल काढतंय. तो काठी घेऊन आला.

---

तुर्भे_टूलबॉक्स | १९ एप्रिल, रात्री ११:०५

३९ विसरा. चकाकत्या धातूवर आयआर गन खोटं बोलते. तिला वाटतं समोर काळसर, खरबरीत वस्तू आहे. फॉइल स्वतः किरणं फारशी सोडतच नाही, ती समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब दाखवते. तिच्यावर कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा.

---

भटका_ठाणेकर | २० एप्रिल, सकाळी ८:१२

टेपवर ५५ आलं. माझं बी.ई. परत घ्या.

---

गॅरेजकाका | २० एप्रिल, सकाळी ९:००

५७ ला पट्टी म्हणजे मागे गरम पाणी फिरतंय. कॉक सापडला का?

---

भटका_ठाणेकर | २० एप्रिल, दुपारी १२:३०

सापडला, काका. तुमच्या तोंडात साखर, आणि नळीत गार पाणी! इंजिनाच्या डाव्या बाजूला पितळी कॉक आहे, कोणीतरी नंतर बसवलेला. त्याला केबल आहे, डॅशवर निळ्या-लाल खुणेची कांडी आहे. मी कांडी निळ्यावर ठेवून गेले पाच महिने निर्धास्त होतो. केबल मधूनच घसरलीय, कांडी हलते आणि कॉक ढिम्म. इंजिन पूर्ण गार झाल्यावर हाताने फिरवून बंद केला. जॅम होता, पान्याने हळूच फिरवावा लागला.

आज परत तोच रस्ता, तोच तास. पट्टी ४७. दहा अंश उतरले, खर्च शून्य.

---

अगोचर | २० एप्रिल, दुपारी १२:३४

म्हणजे माळशेज घाटात उन्हाळ्यात हीटर लावून फिरत होतात. सौ.ना सांगितलंत?

---

भटका_ठाणेकर | २० एप्रिल, दुपारी १२:४१

धाग्याची लिंक तिला देऊ नये ही सर्वांना नम्र विनंती.

---

धूमकेतू_४३ | २० एप्रिल, दुपारी १:१५

मग धागा संपला की. डॅश काढायची गरजच काय?

---

गॅरेजकाका | २० एप्रिल, रात्री ८:५०

कॉक जुना आहे, आतून गळत असेल. थोडं पाणी जातच राहील. पावसाळ्याआधी दोन्ही नळ्या इंजिनापाशीच एका वळणाच्या नळीने जोडून टाक, हीटरच बाजूला. पुन्हा स्पितीला गेलास तर उघड. आणि ग्रोमेट डॅश न काढता बदलणं म्हणजे दाराच्या फटीतून बाळाला जेवू घालणं. काढायचा असेल तर काढ, पण आता घाईत नाही. सुट्टी बघून काढ.

---

भटका_ठाणेकर | ४ मे, रात्री ११:३०

मंडळी, डॅश उतरवला आणि चढवलाही. शनिवार-रविवार असे दोन्ही दिवस गेले. हकिगत जरा लांब आहे.

शनिवारी सकाळी नऊला सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मदतीला मेहुणा, कळव्याहून आलेला, पाने-गोट्यांची पेटी घेऊन. निगेटिव्ह काढली. आमच्या गाडीला एअरबॅग नाही, तेवढी काळजी कमी. दहाची गोटी आणि एक लांब फुली स्क्रू-ड्रायव्हर एवढ्यावर नव्वद टक्के काम झालं. आधी स्टिअरिंगखालचं कव्हर, मग मीटरभोवतीची चौकट, मीटर ओढून मागचे दोन कनेक्टर, मग टेपचा खण, हातपेटी, बाजूच्या जाळ्या. स्क्रू कुठे लपवतात हे लोक! दोन तर छोट्या गोल टोप्यांखाली होते. तासभर आम्ही "कुठे अडकलंय" म्हणत ओढत होतो. ह्यूस्टनदादांचं ऐकून अकरापर्यंत थांबलो, ऊन गाडीवर आलं, तेव्हा लॉक सुटले. तरी दोन तुटलेच.

डॅश बाहेर आला आणि मागे काय? हीटरच्या पंख्याशेजारी उंदराचं घरटं. सीटच्या फोमचा चुरा, मनालीच्या कुठल्याशा हॉटेलचं बिल आणि अक्रोडाची टरफलं. अक्रोड! म्हणजे तो उंदीरही हिमाचलचाच असावा, आपल्यासोबत उतरून ठाण्यात स्थायिक झालेला. एक वायर कुरतडलेली होती, डाव्या इंडिकेटरची. मेहुण्याने ती जोडून डाग दिला आणि वरून आकसणारी नळी चढवली. इंडिकेटर मधेच दुप्पट वेगाने का मारायचा ते कोडं सुटलं.

फायरवॉल आधी डिझेलच्या बोळ्याने आणि मग थिनरने पुसली, कोरडी केली. दोन जागी गंज होता, तिथे पॉलिश पेपर आणि रेड ऑक्साइड. रात्रभर वाळू दिलं. रविवारी ग्रोमेट चार नवीन, उरलेल्या फटींत उष्णता सोसणारं लाल सिलिकॉन. मग १० मिलिमीटरचं नायट्राइल, लायटरच्या परीक्षेत पास झालेलं. पुठ्ठ्याचे साचे आधी कापले, ते शीटवर ठेवून कापलं. पेडलच्या मागे आणि स्टिअरिंगच्या दांड्याजवळ मुद्दाम लावलं नाही, पेडल पूर्ण दाबून बघितलं. फ्यूजची पेटी मोकळी ठेवली. काचेखाली पाणी वाहून जायची दोन भोकं आहेत, ती पानांनी गच्च भरली होती, ती साफ केली.

मधल्या झाकणाला इंजिनाकडून फॉइलवालं जाड अस्तर, पण नुसतं चिकटवलं नाही. मोठे वायसर लावून रिव्हेट मारले. कडेचं रबर नवीन, कळंबोलीहून ट्रकचं मीटरवर आणलं. हीटरच्या नळ्या वळणाच्या नळीने जोडल्या. वरच्या हवेच्या तोंडाला बारीक जाळी लावली, पुढच्या उंदरासाठी.

खर्च: शीट, रबर, ग्रोमेट, जाळी, सिलिकॉन मिळून ४,३०० च्या आसपास. मेहुण्याला दोन वेळचं जेवण आणि वर ऐकून घ्यावं लागलेलं सगळं.

आज घोडबंदर, तोच तास, बाहेर ३६च. पट्टी ४२. झाकण ५१, टेपवर मोजलेलं!

---

तुर्भे_टूलबॉक्स | ५ मे, सकाळी ९:१०

सुंदर काम. पण ग्रोमेट, हीटर-बायपास आणि शीट एकाच वेळी केलंत, त्यामुळे ४७ वरून ४२ कशामुळे झालं ते कळायला मार्ग नाही. मधे एकदा मोजायचं होतंत.

---

भटका_ठाणेकर | ५ मे, सकाळी ९:२५

अहो, डॅश नसलेल्या गाडीत वायरी लोंबत घोडबंदरला जाऊ?

---

धूमकेतू_४३ | ५ मे, सकाळी १०:००

माझं मत: ग्रोमेट. (माझे साडेनऊ हजार अजून दुखतायत.)

---

सीवूड्सची_शेगडी | ५ मे, सकाळी १०:४०

उंदराचं लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या ट्रकमध्ये रात्री खुडबुड ऐकू येते, मी भुताच्या नावावर खपवत होते. आज जाळी आणते.

---

मीना_खारघर | ५ मे, दुपारी ३:१८

मूळ प्रश्नावर येऊ का? माझ्या भावाची अशीच गाडी आहे, हीटर नाही, तरी पाय भाजतात. त्याने डॅश काढावा का?

---

गॅरेजकाका | ५ मे, रात्री ९:३०

आधी मधल्या झाकणाचं रबर, मग बॉनेटच्या मागचं रबर, मग टॉर्च. एवढ्याने सहन होण्यासारखं झालं तर डॅशला हात लावू नको म्हणावं. नाहीतर काढायचाच, आणि काढला तर भटक्यासारखं सगळं एकदाच करून घे, पुन्हा खोलायला लागता कामा नये.

---

भटका_ठाणेकर | ११ मे, रात्री १०:०५

काका, एकच दुखणं उरलंय. साठच्या वर गेलो की डॅशच्या डाव्या कोपऱ्यातून टिक-टिक-टिक. ऐंशीला बंद होतं. सौ. आज पाय खाली ठेवून बसली होती, पण कशेळीच्या पुलापासून परत येईपर्यंत "ऐक, ऐक, तुझं घड्याळ" एवढंच म्हणत होती.

---

गॅरेजकाका | ११ मे, रात्री १०:२०

तुटलेल्या दोन लॉकांपैकी एक तिथलाच. दाराची पट्टी काढ, उरलेल्या नायट्राइलचा बोटभर तुकडा फटीत खुपस.

---

भटका_ठाणेकर | ११ मे, रात्री १०:२३

उरलेलं सगळं मेहुणा घेऊन गेला.

---

सीवूड्सची_शेगडी | ११ मे, रात्री १०:३१

माझ्याकडे आहे, एसीवाल्याने टाकून गेलेलं. शनिवारी सकाळी सीवूड्सला या, घेऊन जा. सौ.ना आणा. पोहे माझ्याकडून. आणि येताना ती आयआर गन आणा, माझ्या फ्रिजमागे काहीतरी फार तापतंय.